दुसऱ्या गोळीचा हिशेब: रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची ताकद आणि धक्का

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम ही दोन काडतुसं टेबलावर शेजारी शेजारी उभी केली, तर नवख्याला एवढंच दिसेल की दुसऱ्याचं कवच तीनेक मिलिमीटर उंच आहे. पितळी कवचाची जाडी तशीच, बुडाची कड तशीच, गोळीचा व्यासही तोच. .३५७ साठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही चालतात. त्यामुळे मूठ, नळी आणि हात तेच ठेवून फक्त काडतूस बदललं की काय होतं, हे इथे तपासून पाहता येतं.

१०.२ ग्रॅमची शिशाची गोळी .३८ स्पेशलमधून सेकंदाला साधारण २३० मीटर वेगानं निघते, .३५७ मधून ३७५ मीटर वेगानं. गोळीची ऊर्जा २७० ज्यूलवरून ७२० वर जाते, म्हणजे पावणेतीनपटीच्या आसपास. रिव्हॉल्व्हर एक किलोचं धरलं, तर हातात येणारी धक्क्याची ऊर्जा मात्र ३.६ ज्यूलवरून १२.७ वर जाते. ही वाढ साडेतीनपट आहे. ताकद जितकी वाढली, त्याहून तिची किंमत जास्त वाढली.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे याच किमतीवरून चाललेली घासाघीस आहे. लष्करांनी, पोलीस खात्यांनी आणि शिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा मोठं काडतूस मागितलं, आणि काही वर्षांत त्यातले बरेच जण एकेक पायरी खाली उतरले. या सगळ्या अनुभवातून एकच कसोटी शिल्लक राहते. खोक्यावर छापलेली ताकद पहिल्या गोळीची असते, पण काडतूस जोखायचं ते दुसऱ्या गोळीवर. ती किती लवकर आणि किती नेमकी जाते, यावर.

धक्का येतो कुठून?

मूळ नियम शाळेतलाच आहे. गोळी आणि तिच्यामागचा दारूचा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच संवेग रिव्हॉल्व्हर मागे घेऊन येतं. यातला वायूचा वाटा बहुतेक जण विसरतात. .३८ स्पेशलमध्ये दारू पाव-तीन दशांश ग्रॅम असते, तर .३५७ मध्ये एक ग्रॅमच्या घरात. हा वायू नळीच्या तोंडातून गोळीच्या कितीतरी पट वेगानं सुटतो. अशा हिशेबात त्याचा वेग सेकंदाला १२०० मीटरच्या आसपास धरतात. त्यामुळे .३५७ च्या धक्क्यातला जवळजवळ चौथा हिस्सा गोळीचा नसून नुसत्या वायूचा असतो. ताकदीपेक्षा धक्का जास्त वाढण्याचं मुख्य कारण हेच.

दुसरा घटक हत्याराचं वजन. काडतूस तेच ठेवून रिव्हॉल्व्हरचं वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून वजन न सांगता केलेली धक्क्याची तुलना निरर्थक असते. खालचे आकडे सर्व काडतुसं एकाच, एक किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून उडवली असं मानून काढले आहेत. कंपनी आणि नळीची लांबी बदलली की ते थोडे इकडेतिकडे होतील, क्रम मात्र हाच राहील.

.२२ लाँग रायफल: गोळी २.६ ग्रॅम, वेग ३०० मीटर, ऊर्जा १२० ज्यूल, धक्का ०.४ ज्यूल.
.३२ स्मिथ अँड वेसन लाँग: ६.४ ग्रॅम, २१५ मीटर, १५० ज्यूल, धक्का १.२ ज्यूल.
.३८ स्पेशल: १०.२ ग्रॅम, २३० मीटर, २७० ज्यूल, धक्का ३.६ ज्यूल.
.४५ कोल्ट: १६.५ ग्रॅम, २६० मीटर, ५६० ज्यूल, धक्का १२ ज्यूल.
.३५७ मॅग्नम: १०.२ ग्रॅम, ३७५ मीटर, ७२० ज्यूल, धक्का १२.७ ज्यूल.
.४४ मॅग्नम: १५.५ ग्रॅम, ३६० मीटर, १००० ज्यूल, धक्का २७ ज्यूल.

यात .४५ कोल्ट आणि .३५७ यांची जोडी बघण्यासारखी आहे. कागदावर दोन्हींचा धक्का जवळपास सारखा, पण दोन्ही उडवलेला कुणीही त्यांना सारखं म्हणणार नाही. .४५ कोल्ट १८७३ सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं काडतूस. त्याचं कवच ऐसपैस आणि दाब कमी, जास्तीत जास्त १४,००० पौंड प्रति चौरस इंच. जड गोळी संथपणे निघते आणि हात ढकलला गेल्यासारखा वाटतो. .३५७ चा कमाल दाब ३५,००० पौंड. त्यात कडाड आवाज, नळीच्या तोंडाशी जाळ आणि तळहातावर बसणारा चटका. शिवाय जुन्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ तळहातात वर सरकते आणि धक्का आपल्यातच थोडा जिरवते. आधुनिक रिव्हॉल्व्हरची मूठ जागेवरून हलत नाही.

नळी मनगटाच्या रेषेच्या वर असते, त्यामुळे धक्का सरळ मागे न येता हत्याराचं तोंड वर उचलतो. नळी जितकी उंच, तितकी उसळी जास्त. रबरी मुठीनं ऊर्जा कमी होत नाही. पण वेगानं आलेला झेल घेताना आपण हात मागे नेतो, तसा ती मूठ तोच धक्का जरा जास्त वेळात आणि तळहाताच्या जास्त भागावर पसरवते. हाताला कळतं ते या पसरण्यावरून, ज्यूलच्या आकड्यावरून नाही.

लष्कराचे दोन उलटसुलट निर्णय

अमेरिकी सैन्यानं १८९० च्या दशकात जुनं .४५ सोडून .३८ लाँग कोल्ट घेतलं होतं. ताकदीनं ते आजच्या साध्या .३८ स्पेशलच्या जवळपास. फिलिपाइन्सच्या लढायांत मोरो योद्धे अनेक गोळ्या लागूनही अंगावर चालून येतात, अशा तक्रारी आल्या आणि कोठारातली जुनी .४५ रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढावी लागली. १९०४ साली जॉन थॉम्पसन आणि लष्करी वैद्यक शाखेतले लुई लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातली जनावरं आणि मृतदेह यांच्यावर वेगवेगळी काडतुसं चालवून पाहिली. निष्कर्ष निघाला की लष्करी पिस्तुलाचा व्यास .४५ पेक्षा कमी नसावा. .४५ चे समर्थक शंभर वर्षं हेच वाक्य सांगत आले आहेत. त्याच अहवालात असंही म्हटलं होतं की कोणत्याही हातातल्या हत्याराची गोळी शत्रूला हमखास थांबवेल असं नाही, आणि म्हणून शिपायांकडून अचूक नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा. हा भाग फारसा कुणी सांगत नाही.

ब्रिटिश नेमके उलट दिशेनं गेले. पहिल्या महायुद्धातलं .४५५ वेब्ली नावाजलेलं होतं, पण घाईनं भरती केलेल्या शिपायाला ते थोड्या दिवसांत शिकवणं कठीण जात होतं. युद्धानंतर त्यांनी .३८ च्या कवचात १३ ग्रॅमची जड, संथ गोळी बसवली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एनफील्ड क्रमांक २ हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. पुढे पसरणाऱ्या गोळ्यांवरच्या हेग कराराची अडचण नको, म्हणून ही उघड्या शिशाची गोळी बदलून हलकी, धातूचं आवरण असलेली गोळी आली.

या निर्णयात एक गंमत दडलेली आहे. .४५५ चं वेब्ली मार्क ६ सुमारे १.१ किलोचं होतं, त्यात धक्का ६ ज्यूलच्या आसपास. नवं काडतूस त्याच वजनात ठेवलं असतं, तर धक्का ३.३ ज्यूलवर आला असता. पण एनफील्डचं वजन ७६५ ग्रॅम ठेवलं गेलं आणि धक्का पावणेपाच ज्यूलच्या घरात राहिला. काडतुसानं मिळवून दिलेल्या फायद्याचा निम्म्याच्या आसपास भाग वजन घटवून परत देऊन टाकला. शिपायाच्या कमरेला ओझं कमी झालं, हातातलं मात्र अपेक्षेइतकं कमी झालं नाही.

पोलिसांचा प्रवास: .३८ ते .३५७ आणि परत

विसाव्या शतकातलं अमेरिकी पोलिसांचं नेहमीचं काडतूस म्हणजे .३८ स्पेशल. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम आणलं. कवच मुद्दाम लांब ठेवलं, म्हणजे ते चुकूनही जुन्या .३८ च्या चक्रात बसू नये. सुरुवातीची रिव्हॉल्व्हरं थोराड सांगाड्यावर बनलेली होती, म्हणून धक्का सोसवत असे. १९५५ मध्ये सीमा गस्तीतले बिल जॉर्डन यांच्या सूचनेवरून त्याच काडतुसाचं किलोभर वजनाचं, कमरेला बरं पडेल असं मधल्या सांगाड्याचं रिव्हॉल्व्हर आलं. त्यामागचा विचार असा की सराव .३८ वर करायचा आणि कामावर .३५७ भरायचं.

हा विचार दोन बाजूंनी उलटला. हलकी आणि वेगवान गोळी असलेली .३५७ काडतुसं सारखी उडवल्यावर त्या मधल्या सांगाड्याच्या नळ्यांना चक्राकडच्या बाजूला तडे जाऊ लागले, आणि १९८० च्या सुमारास कंपनीला मधल्याहून जरा मोठा सांगाडा काढावा लागला. दुसरी बाजू माणसांची. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथे महामार्ग गस्तीचे चार पोलीस एका चकमकीत मारले गेले. नंतरच्या चर्चेत इतर अनेक उणिवांबरोबर हेही पुढे आलं की सराव सौम्य .३८ वर झाला होता आणि काहींच्या हातात त्या दिवशी .३५७ होतं. सरावात जो धक्का कधी अनुभवला नाही, तो ऐन प्रसंगी हाताला अनोळखीच असणार.

पिस्तुलांकडे वळल्यावर एफबीआयनंही हाच रस्ता तुडवला. १९८६ मध्ये मायामीत दोन एजंट मारले गेल्यावर गोळीच्या खोल जाण्यावर भर आला आणि १० मिमी काडतूस निवडलं गेलं. पूर्ण ताकदीत ते अनेकांना झेपेना, म्हणून वेग कमी करून घेतला. त्यातून १९९० मध्ये .४० आलं, आणि २०१५ च्या सुमारास संस्था ९ मिमीवर परतली. दरम्यान गोळ्यांची बनावट सुधारली होती हे खरं, पण परतीच्या कारणांत सोपा धक्का आणि त्यामुळे वाढणारी अचूकता ही ठळक होती.

थोराड काडतुसं आणि चिमुकली रिव्हॉल्व्हरं

.४४ मॅग्नम १९५५ च्या अखेरीस जाहीर झालं आणि १९७१ च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटानं ते घराघरांत पोचवलं. पण १९७३ च्या दुसऱ्या भागात तोच नायक सहकाऱ्यांना सांगतो की तो या रिव्हॉल्व्हरमध्ये ताबा राहावा म्हणून सौम्य 'स्पेशल' भरतो. पुढे .४५४ कॅसल आणि २००३ मध्ये .५०० स्मिथ अँड वेसन आलं. या शेवटच्याची २६ ग्रॅमची गोळी ३३०० ज्यूलच्या वर जाते. रिव्हॉल्व्हर दोन किलोचं असूनही धक्का ६५ ज्यूलच्या आसपास. ही अस्वलांच्या जंगलात फिरणाऱ्यांची आणि शिकाऱ्यांची साधनं आहेत. नवख्याला ती चालवायला देताना चक्रात एकच काडतूस भरतात, कारण उसळीत हात सावरताना बोट नकळत पुन्हा चापावर दाबलं जाण्याचा धोका असतो.

खरी फसगत दुसऱ्या टोकाला होते. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासच्या, खिशात मावणाऱ्या मिश्रधातूच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ भरलं की काय होतं? ३४० ग्रॅम वजन धरून हिशेब केला, तर धक्का ३२ ज्यूलच्या आसपास येतो. सव्वा किलोहून जड रिव्हॉल्व्हरमधल्या .४४ मॅग्नमचा धक्का २० ज्यूलच्या घरात असतो. म्हणजे खिशातलं छोटं हत्यार 'डर्टी हॅरी'च्या हत्यारापेक्षा दीडपट जास्त मारतं. एवढं सोसून मिळतं काय? चार-पाच सेंटिमीटरच्या नळीत दारू पुरती जळत नाही. लांब नळीच्या तुलनेत गोळी सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त वेग गमावते आणि उरलेली दारू तोंडाशी जाळ होऊन संपते. चक्र आणि नळी यांच्यामधल्या एक-दोन दशांश मिलिमीटरच्या फटीतून वायू निसटतो तो वेगळा.

अशा हलक्या रिव्हॉल्व्हरची एक खोड जवळून पाहण्यासारखी आहे. पहिली गोळी उडाली की सगळं हत्यार झटक्यात मागे येतं आणि चक्रातल्या बाकीच्या काडतुसांची कवचंही कडेला अडकून त्याच्याबरोबर मागे ओढली जातात. जड गोळी मात्र जडत्वानं जागच्या जागी राहू पाहते. कवचाच्या तोंडाची पकड सैल असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या धक्क्यानंतर गोळी कवचातून थोडी पुढे सरकते, चक्राबाहेर डोकावते आणि नळीच्या मागच्या कडेला अडते. चक्र फिरायचं थांबतं. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही अशी त्याची ख्याती, आणि इथे अडकवणारा त्याचा स्वतःचाच धक्का.

कमी धक्क्याचा खेळ

ताकदीची गरजच नसलेलं क्षेत्र म्हणजे स्पर्धात्मक नेमबाजी, आणि म्हणून तिथला कौल सगळ्यात स्वच्छ आहे. ऑलिंपिकच्या रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या फेरीत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या चार सेकंदांत सोडायच्या असतात. तिथे कित्येक वर्षं .२२ शॉर्ट वापरलं जायचं, ते निव्वळ धक्का जवळपास नसतो म्हणून. २००५ पासून .२२ लाँग रायफल सक्तीचं झालं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, तोही .२२ चाच. सेंटर फायर प्रकारात .३८ पर्यंतच्या व्यासाला मुभा आहे, तरी जगभरचे नेमबाज बहुतांशी .३२ स्मिथ अँड वेसन लाँग पसंत करतात. हे काडतूस मुळात १८९६ सालच्या रिव्हॉल्व्हरचं. आज ते चपट्या तोंडाच्या गोळीसह पिस्तुलांतून उडतं.

आपलं .३२

हेच .३२ भारतातल्या परवानाधारकांचं काडतूस आहे, पण त्याचं कारण नेमबाजी नाही, कायदा आहे. शस्त्र कायद्याच्या चौकटीत .३८, .४५ आणि ९ मिमी यांसारखे लष्कर-पोलिसांच्या वापरातले व्यास 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतात. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येतं ते 'बत्तीस बोअर'. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. हा कारखाना १८६९ पासूनचा, आणि त्याच्या काडतुसांच्या बुडावर के. एफ. ही अक्षरं उमटवलेली असतात. रिव्हॉल्व्हर कानपूरचं. त्याचा मूळ आराखडा ब्रिटिश .३८ वेब्ली घराण्यातला, मधून मोडून उघडणारा. असा सांगाडा फार मोठ्या दाबाचं काडतूस पेलायला बनलेलाच नाही, आणि .३२ लाँग दाबानं सौम्य आहे. त्या अर्थानं जोडी जुळलेली आहे.

२०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' आलं. वजन ५०० ग्रॅम, टायटॅनियम मिश्रधातू, किंमत सव्वा लाखाच्या आतबाहेर, आणि जाहिरात स्त्रियांसाठी खास अशी. पर्समध्ये मावावं हा हेतू समजतो. पण हलकं म्हणजे चालवायला सोपं, हे समीकरण उलटं आहे. ७०० ग्रॅमच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ चा धक्का १.७ ज्यूल, निर्भीकमध्ये २.४. काडतूस मुळातच सौम्य असल्यामुळे हे निभावतं. हाच प्रयोग .३५७ वर केला असता, तर ज्यांच्यासाठी बनवलं त्यांनीच ते दुसऱ्यांदा हातात धरलं नसतं. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीनं आणलेलं 'प्रबल' पुन्हा ७०० ग्रॅमवर गेलं. चक्र बाजूला उघडणारं, नळी ७६ मिलिमीटरची. पन्नास मीटरच्या पल्ल्याचा दावा जाहिरातीत ठळक आहे, पण माझ्या मते हातासाठी महत्त्वाचे आहेत ते हे दोनशे ग्रॅम.

.३२ ची बाजू घेताना अतिशयोक्ती नको. १५० ज्यूल म्हणजे .२२ पेक्षा थोडंच जास्त आणि .३८ स्पेशलच्या निम्म्याच्या जवळ. स्वसंरक्षणाच्या काडतुसांत ते तळाशी बसतं. पण त्याची हेटाळणी करणारे ज्या मॅग्नमची नावं घेतात, ती त्यांनी सलग दोनदा, नेम साधून उडवून पाहिलेली असतातच असं नाही.

हात दचकतो तेव्हा

धक्क्याचं सगळ्यात मोठं नुकसान हत्याराबाहेर होतं. आवाज आणि झटका यांची धास्ती बसली की नेमबाजाचा हात चाप पुरता ओढला जाण्याआधीच दचकतो. रेंजवरचे प्रशिक्षक हे पकडायला सोपी युक्ती वापरतात. चक्रात काही भरलेली आणि काही रिकामी कवचं मिसळतात, आणि कुठलं कुठे आहे हे नेमबाजाला सांगत नाहीत. घोडा रिकाम्या कवचावर पडतो, नुसता टक् आवाज होतो, आणि हत्याराचं तोंड तरीही खाली झुकतं. धक्का नव्हताच, पण हातानं तो आधीच गृहीत धरला होता. मोठ्या काडतुसावर सुरुवात केलेल्यांत ही सवय लवकर लागते आणि उशिरा सुटते. रिव्हॉल्व्हरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना संरक्षण नसेल तर ती आणखी पक्की होते.

सगळा आढावा घेतल्यावर कौल द्यायचा तर तो असा. किलोभर वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधलं .३८ स्पेशल हा ताकद आणि ताबा यांचा सगळ्यात जमलेला मेळ आहे, म्हणून तर शतकभर ते टिकलं. .३५७ जड सांगाड्यात आणि नियमित सरावाच्या हातात शोभतं, खिशातल्या हत्यारात नाही. .४४ आणि त्यावरची सगळी शिकाऱ्यांची. भारतात बहुतेकांना निवड .३२ च्या आतच करायची आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. तेव्हा परवाना मिळाला असेल, तर दोन रिव्हॉल्व्हरांपैकी जरा जड असलेलं घ्या, हाताच्या मापाची मूठ बघा आणि उरलेले पैसे मान्यताप्राप्त रेंजवर सरावाच्या काडतुसांवर खर्च करा. आणि तेवढा सराव करायची तयारी नसेल, तर कोणत्याच बोअरचं रिव्हॉल्व्हर घरात आणू नका.